कंपनी गेली, कोड राहिला

२००३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या टर्बोपॉवर या कंपनीने आपली किरकोळ विक्री कायमची बंद केली. प्रोग्रामरांच्या जगाबाहेर हे नाव कुणी ऐकलेलं नसेल. पण बोर्लंड कंपनीच्या टर्बो पास्कल आणि १९९५ नंतर डेल्फी या प्रोग्रामिंगच्या साधनांवर काम करणाऱ्यांच्या टेबलावर या कंपनीची जाडजूड मॅन्युअलं हमखास असायची. टर्बोपॉवर लायब्रऱ्या विकायची.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये बसवायचा तयार कोड. कपाट करणारा सुतार बिजागऱ्या आणि कुलपं स्वतः घडवत बसत नाही, बाजारातून आणतो. तसंच हे. झिप फायली बांधायच्या-सोडायच्या तर ॲबरेव्हिया. माहिती कुलूपबंद करायची तर लॉकबॉक्स. मोडेम, फॅक्स किंवा सिरियल पोर्टला जोडलेल्या यंत्राशी बोलायचं तर असिंक प्रोफेशनल. पडद्यावर नीटस तक्ते आणि भरायच्या चौकटी हव्यात तर ऑर्फियस. प्रोग्राम वापरणाऱ्याला यांचा पत्ताही नसतो. पण दुकानच बंद झालं तर त्या प्रोग्रामच्या पोटातला एक भाग बेवारस होतो.

टर्बोपॉवरने जाता जाता जे केलं त्याबद्दल मला आजही अपार आदर वाटतो. आपल्या बहुतेक लायब्रऱ्यांचा सोर्स कोड त्यांनी मोझिला पब्लिक लायसन्सखाली जगासाठी खुला करून टाकला. लायसन्सची निवडही विचारपूर्वक होती. लायब्ररीच्या फायलींत सुधारणा करून ती पुढे वाटलीत तर त्या फायली उघड्या ठेवायच्या, मात्र तुमचा स्वतःचा प्रोग्राम बंदिस्त ठेवून विकायला मोकळीक. त्यामुळे ज्यांनी पैसे मोजून या लायब्रऱ्या घेतल्या होत्या त्यांचा धंदा अडला नाही, आणि ज्याला दुरुस्ती करावीशी वाटेल त्याला दार उघडं झालं.

इथे कुणालाही प्रश्न पडावा की दुरुस्ती कसली? कोड गंजत नाही, झिजत नाही. १९९६ साली बरोबर चालणारी ओळ आजही अक्षर न् अक्षर तशीच आहे. खरं आहे. बदलतं ते तिच्या आजूबाजूचं सगळं. कंपाइलर बदलतो, विंडोज बदलते, प्रोसेसर बदलतो, आणि एके काळी बिनचूक असलेली ओळ जागची न हलता चुकीची ठरते. याचं एक उदाहरण अगदी जवळून पाहण्यासारखं आहे.

जुन्या डेल्फीत एक अक्षर म्हणजे एक बाइट. 'लेंग्थ' विचारली की मजकुरात किती अक्षरं आहेत ते कळायचं, आणि 'मूव्ह' या आज्ञेला किती बाइट उचलायचे ते सांगावं लागायचं. दोन्ही आकडे एकच, म्हणून प्रोग्रामर लेंग्थ सरळ मूव्हच्या हाती द्यायचे. २००८ साली डेल्फी २००९ आली आणि तिने साधा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत, नेला. अक्षर दोन बाइटांचं झालं. जुना कोड तरीही कंपाइल होतो. प्रोग्राम चालतोही.

आता त्यातून 'कोल्हापूर' हा शब्द पाठवून पाहा. संगणकाच्या हिशेबी ही नऊ चिन्हं आहेत: क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र. म्हणजे अठरा बाइट. लेंग्थ सांगते नऊ. मूव्ह इमानेइतबारे नऊ बाइट उचलते. पलीकडे पोचतं 'कोल्' आणि 'ह'चा अर्धा तुकडा. उरलेल्या जागेत आधीचा जो केर असेल तो.

दुरुस्ती ऐकायला सोपी: लेंग्थला दोनाने गुणा. पण सगळीकडे गुणून चालत नाही, आणि खरी मेहनत इथेच आहे. जुन्या काळी प्रोग्रामर मजकुराच्याच पेटीत कच्चे बाइटही भरून ठेवायचे, झिप केलेला ढिगारा किंवा कुलूपबंद केलेली माहिती. तिथे दोनाने गुणलं तर जे बरोबर होतं तेच बिघडतं. म्हणून प्रत्येक ओळीपाशी थांबून, कधीही न भेटलेल्या माणसाने ही ओळ लिहिली तेव्हा त्याच्या मनात मजकूर होता की बाइट, हे ठरवावं लागतं. स्वयंसेवकांनी हजारो ओळी अशा वाचायच्या, तेही नोकरीतून घरी आल्यावर, पदरचा वेळ घालून. आणि ज्या उलथापालथीपायी हे करावं लागलं, तिच्यामुळेच मराठी नाव-पत्ता डेल्फीच्या प्रोग्राममध्ये सरळ देवनागरीत ठेवणं सोपं झालं. त्याआधी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फाँटांवर भागवावं लागे. फाँट बदलला की मजकूर अगम्य.

तीन वर्षांनी, २०११ मध्ये, डेल्फी एक्सई-२ सोबत ६४ बिटचा कंपाइलर आला. वेगासाठी जुन्या लायब्रऱ्यांत जागोजागी पास्कलच्या मधोमध थेट प्रोसेसरच्या आज्ञा लिहिलेल्या होत्या. नव्या कंपाइलरला अशी सरमिसळ मान्यच नव्हती. त्या आज्ञांचा अर्थ लावून तेच काम शुद्ध पास्कलमध्ये पुन्हा लिहायचं, आणि निकाल मात्र बिटाबिटापर्यंत तोच यायला हवा.

तो तोच आला हे ताडायचं कसं? याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. झिपमधली प्रत्येक फाइल शाबूत आहे की नाही हे सीआरसी-३२ नावाच्या गणिताने तपासतात. या गणिताला १२३४५६७८९ ही नऊ इंग्रजी अंकांची ओळ दिली की सोळाच्या पायात उत्तर यावं लागतं सी-बी-एफ-४-३-९-२-६. जगात कुठेही, कुठल्याही यंत्रावर. माहिती कुलूपबंद करण्याच्या पद्धतींसाठीही अशा ठरलेल्या प्रश्नोत्तरांच्या याद्या प्रसिद्ध आहेत. मूळ लेखकाला विचारायची सोय नसली तरी दुरुस्ती करणाऱ्याला आपलं काम अशा उत्तरांशी पडताळता येतं.

आज या लायब्रऱ्यांपैकी कितीतरी टर्बोपॅक या नावाने गिटहबवर नांदताहेत, आणि डेल्फीच्या स्वतःच्या पॅकेज व्यवस्थेतून काही क्लिकांत बसवता येतात. व्हिज्युअल प्लॅनइट ही रोजनिशी-दिनदर्शिकेची लायब्ररी तर लाझारस या मुक्त साधनावर नेली गेली, म्हणजे तिला लिनक्सची दारंही उघडली. टर्बोपॉवरने तो माल मुळात विंडोजसाठी घडवला होता.

दार न उघडलं तर काय होतं तेही आपल्याकडच्या अनेकांनी पाहिलंय. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या संगणक क्लासांत फॉक्सप्रो हे डेटाबेसचे प्रोग्राम लिहायचं साधन शिकलेली एक पिढीच्या पिढी आहे. पगारपत्रकांपासून मालाच्या हिशेबापर्यंत त्यांनी त्यात काय काय लिहिलं. २००७ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ नंतर नवी आवृत्ती निघणार नाही. २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही संपला. व्हीएफपीएक्स या नावाखाली जमलेले स्वयंसेवक भोवतालची साधनं अतिशय मनापासून सांभाळतात. पण गाभ्याचा सोर्स कोड त्यांना मिळालेला नाही. फॉक्सप्रो ३२ बिटांचीच राहिली, कारण तिचं इंजीन उघडण्याचा हक्क बाहेरच्या कुणालाच नाही. माणसं तशीच, जिव्हाळाही तितकाच. फरक पडला तो एका लायसन्सच्या कागदाने.

आणि दार उघडल्यावर आत काय सापडेल याचाही नेम नसतो. जिम स्टार्की यांनी १९८०च्या दशकात घडवलेला इंटरबेस हा डेटाबेस पुढे बोर्लंडकडे आला. २५ जुलै २००० रोजी बोर्लंडने त्याच्या सहाव्या आवृत्तीचा सोर्स कोड खुला केला, आणि लवकरच ती कंपनी पुन्हा इंटरबेस विकण्याच्या वाटेला लागली. स्वयंसेवकांनी मात्र खुली झालेली प्रत उचलून फायरबर्ड सुरू केला. काही महिन्यांतच कोड वाचता वाचता त्यांच्यातल्या एकाच्या हाती एक चोरदार लागलं. 'पोलिटिकली' हे वापरकर्त्याचं नाव आणि 'करेक्ट' हा पासवर्ड दिला की कुठलाही इंटरबेस डेटाबेस सताड उघडत होता. १९९४ च्या सुमारापासून! यामागे कुणाचं कारस्थान नव्हतं. पासवर्ड ज्या डेटाबेसात ठेवले होते तोही पासवर्डशिवाय उघडेना, या पेचातून सुटण्यासाठी कुणीतरी ही जोडी थेट कोडमध्ये लिहून ठेवली होती. एवढी वर्षं ती ग्राहकांसोबत फिरली. जानेवारी २००१ मध्ये जाहीर इशारा निघाला आणि ते दार बुजवलं गेलं. (याच फायरबर्डवाल्यांनी पुढे मोझिलाच्या नव्या ब्राउझरने आपलं नाव घेतल्यावर जोरदार हरकत घेतली, म्हणून २००४ साली त्या ब्राउझरचं नाव फायरफॉक्स झालं.)

या सगळ्यात मला सर्वांत दूरदृष्टीची वाटते ती नॉर्वेतली गोष्ट. ट्रोलटेक कंपनीची क्यूटी ही लायब्ररी घेऊन केडीईचे स्वयंसेवक लिनक्ससाठी अख्खा डेस्कटॉप उभारत होते. उद्या कंपनी बुडाली किंवा विकली गेली तर? त्यांनी वाट पाहिली नाही. १९९८ मध्ये कंपनी आणि केडीई यांनी मिळून एक प्रतिष्ठान स्थापन केलं आणि करार केला: बारा महिन्यांच्या आत क्यूटीची नवी मुक्त आवृत्ती निघाली नाही, तर प्रतिष्ठानाला ती बीएसडी धाटणीच्या, म्हणजे जवळजवळ बिनशर्त लायसन्सखाली सर्वांना देऊन टाकता येईल. त्यानंतर क्यूटी ट्रोलटेककडून नोकियाकडे गेली, नोकियाकडून डिजियाकडे, आणि मग त्यातूनच वेगळ्या निघालेल्या क्यूटी कंपनीकडे. मालक बदलले तरी करार टिकला, मधून मधून नव्याने लिहिलाही गेला. विंडोज किंवा लिनक्सवर व्हीएलसीत सिनेमा बघताना जी बटणं दाबतो त्यांच्यामागे ही क्यूटी असते. आजवर ते कलम वापरायची वेळ आलेली नाही.