डंकन डॉक : भरतीच्या पाण्यावर तरंगलेली 'मिंडेन'

मुंबईच्या फोर्टमध्ये लायन गेटसमोरून रोज हजारो माणसं लगबगीनं ऑफिस गाठतात. भिंतीपलीकडे नौदलाची गोदी आहे आणि तिच्यात डंकन डॉक ही दगडी सुकी गोदी. सर्वसामान्यांना आत जाता येत नाही, पण तिथे घडलेली एक गोष्ट प्रत्येक मुंबईकराला ठाऊक असायला हवी.

१८१० च्या सुमारास युरोपात नेपोलियनशी युद्ध चाललं होतं आणि इंग्लंडला जहाजांसाठी ओकचं लाकूड अपुरं पडत होतं. मुंबईकडे साग होता. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळा खाऊन टाकतं. सागाच्या तेलकट लाकडात तोच खिळा वर्षानुवर्षं टिकतो. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांच्या घराण्यानं हे गुण पिढ्यान्‌पिढ्या हाताळले होते. कण्याचं लाकूड सांधताना चांदीचा खिळा ठोकायचा, ही त्यांची रीत. लवजींचे नातू जमशेटजी बोमनजी यांनी इथे ७४ तोफांची 'मिंडेन' बांधली. नाव जर्मनीतल्या १७५९ च्या लढाईवरून ठेवलेलं, पण हात मुंबईच्या कारागिरांचे.

मंगळवार, १९ जून १८१०. पौर्णिमा नुकतीच उलटलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. मुंबईत असं उधाण साडेचार मीटरच्याही वर चढतं. भांगाच्या भरतीला एवढं पाणी मिळत नाही. उतारावरून जहाज पाण्यात ढकलायचा प्रश्नच नव्हता. गोदीत पाणी घेतलं, की जहाज जागच्या जागी टेकूंवरून अलगद उचललं जातं. ज्यांच्या नावानं ही गोदी ओळखली जाते, त्या गव्हर्नर जोनाथन डंकन यांनी रिवाजाप्रमाणे बाटली फोडली आणि ऐन भरतीला 'मिंडेन' बंदरात तरंगली.

पुढच्याच वर्षी ती जावाच्या मोहिमेवर गेली. १८४२ मध्ये हाँगकाँगला तरंगतं रुग्णालय झाली. १८६१ मध्ये ती मोडीत निघाली. मात्र वाडियांनीच बांधलेली, १८१७ ची 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. मुंबईच्या कारागिरीची याहून मोठी साक्ष कोणती?

बाटली फोडणाऱ्या गव्हर्नरांचं नाव नोंदलं गेलं. करवत ओढणाऱ्यांची, फळ्यांच्या फटींत कापूस कोंबणाऱ्यांची नावं शोधूनही सापडत नाहीत. लायन गेटवरून जाताना क्षणभर थांबावं, ते त्यांच्यासाठी.