फिजिओथेरपी सुरू करताना : आधी हिशोब, मग हप्ता

आज बोलूया खांदा, कंबर आणि गुडघ्याबद्दल, आणि त्यांच्या उपचाराला लागणाऱ्या पैशांबद्दल.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची छाटणी, विरळणी म्हणजे दिवसभर हात डोक्याच्या वर. चांदवड-येवल्याकडे कांद्याची लागवड म्हणजे दिवसभर कंबरेत वाक. गटाच्या बैठकीला आम्ही जातो, तेव्हा निम्म्या बायका भिंतीला टेकायला जागा शोधतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘फिजिओथेरपी’ लिहून दिलेलं असतं, पण ती चिठ्ठी डब्यात पडून राहते. कारण विचारलं तर उत्तर एकच, “ताई, रोजचे एवढे पैसे कुठून आणायचे?”

फिजिओथेरपी म्हणजे मालीश नव्हे. आखडलेला सांधा मोकळा करणं, कमजोर स्नायूंना ताकद देणं आणि काम करायची पद्धत सुधारणं, हे तिचं काम. शेक आणि करंटच्या मशीनने दुखणं तात्पुरतं हलकं होतं, ताकद मात्र व्यायामानेच येते. त्यामुळे जिथे नुसतं मशीन लावून घरी पाठवतात, तिथे “मला व्यायाम कोणता?” असं स्पष्ट विचारा.

काही दुखणी मात्र थेट डॉक्टरांकडे न्यायची. पडल्यावर हात-पाय टेकवता येत नसेल, दुखण्यासोबत ताप असेल, पाय बधिर होऊन लघवीवरचा ताबा गेला असेल, तर थांबू नका. एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला किंवा तोंड वाकडं झालं, तर लगेच १०८ ला फोन करा.

आता पैसे. खाजगी दवाखान्याच्या आधी सरकारी पर्याय पाहा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. नाशिकला त्र्यंबक रोडवर जिल्हा रुग्णालय आहे. तिथे व्यायामोपचार विभाग कोणत्या वारी, किती वाजता चालतो, ते आशाताईंकडून किंवा फोन करून आधी विचारा. नाशिकमध्ये मविप्र समाजाचं फिजिओथेरपी महाविद्यालयही आहे. महाविद्यालयात शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहतात, तिथले दर विचारून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. रोज जाऊन-येऊन घ्यायच्या व्यायामाचा खर्च त्यातून निघेल असं धरून चालू नका. ऑपरेशन योजनेतून झालं असेल, तर सुटी व्हायच्या आधी आरोग्यमित्राला विचारा आणि घरी करायचे व्यायाम तिथेच शिकून घ्या.

सरकारी दवाखाना लांब पडतो, वेळ जुळत नाही, म्हणून खाजगीत जायचं ठरलं तर पूर्ण हिशोब मांडा. समजा, एका वेळचे ३०० रुपये आणि दहा वेळा बोलावलं. फी झाली ३०००. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी जाऊन-येऊन ६० रुपये धरले तर ६००. अर्ध्या दिवसाची मजुरी १५० बुडाली, तर दहा वेळचे १५००. एकूण ५१००. आपण फक्त फी मोजतो, आणि चौथ्या खेपेला पैसे संपतात ते या न मोजलेल्या खर्चामुळे.

म्हणून पहिल्याच दिवशी विचारायचं, “आम्ही लांबून येतो. व्यायाम घरी शिकून केला आणि आठवड्यातून एकदा दाखवायला आलो, तर चालेल का?” पुष्कळशा कंबर-गुडघ्याच्या दुखण्यात असं जमू शकतं. चार खेपा झाल्या, तर वरच्याच हिशोबाने खर्च २०४० वर येतो. लकवा किंवा ऑपरेशननंतर मात्र जास्त वेळा जावं लागू शकतं, तिथे स्वतःच्या मनाने खेपा कमी करू नका.

आणखी काही गोष्टी विचारा. फिजिओथेरपीची पदवी आहे का? त्यात काही काळ प्रत्यक्ष काम असतं. राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे का? किती आठवड्यांत काय फरक दिसायला हवा? पावती मिळेल का? पंधरा-वीस खेपांचं पॅकेज स्वस्त वाटतं, पण आधी दोन-तीन वेळा जाऊन पाहा, मग ठरवा. मध्येच थांबलात तर उरलेले पैसे परत मिळतील का, हेही विचारून घ्या.

जाताना एक्स-रे, जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्या सोबत न्या. शुगर असेल तर नक्की सांगा, कारण शुगर असलेल्यांचा खांदा जास्त आखडतो आणि मोकळा व्हायला महिने लागतात. सैल सलवार-कुर्ता घाला. संकोच वाटत असेल तर बाई फिजिओथेरपिस्ट मागा किंवा सोबतिणीला आत बसवा. घरी पाणी कोण भरतं, पाटी किती जड असते, हे सगळं सांगा. व्यायाम त्यावरूनच ठरतो.

पैसे हाताशी नसतील तर गट आहे. म्हशीसाठी, बी-बियाण्यासाठी आपण अंतर्गत कर्ज देतो, तसंच आरोग्यासाठीही देता येतं. ३००० रुपये, महिना शेकडा दोन, ५०० ची सहा मुद्दल हप्त्यांत फेड. राहिलेल्या मुद्दलावर व्याज ६०, ५०, ४०, ३०, २० आणि १०, म्हणजे २१० रुपये. तेच सावकाराकडे शेकडा पाचने घेतले आणि मुद्दल सहा महिने तसंच राहिलं, तर नुसतं व्याज ९००. बैठकीत ठराव लिहा, कर्जाचं कारण ‘आरोग्य’ असंच लिहा. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी आला असेल, तर अगदी गरजू बाईसाठी त्यातून मदत होते का, ते सीआरपीताईंना विचारा.

शेवटचं. दुखणं कमी झालं की बायका व्यायाम सोडतात, आणि पुढच्या छाटणीला खांदा पुन्हा धरतो. दुखणं आधी जातं, ताकद नंतर येते. व्यायाम करताना थोडं ओढल्यासारखं वाटलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत राहिलं तर व्यायाम कमी करून फिजिओथेरपिस्टला सांगा.

घरात मोटारसायकलच्या हप्त्याला पैसे निघतात. ज्या गुडघ्यांवर घर उभं आहे, त्यांच्या हप्त्यालाही निघायला हवेत. येत्या बैठकीत हजेरी झाली की एकच प्रश्न विचारा : कोणाच्या डब्यात अशी चिठ्ठी पडून आहे? आणि तिचा हिशोब सगळ्यांनी मिळून तिथेच मांडा.