दुकानातला दिवस : कामाचे तास, वेतन आणि सीमाभागातील नोकरदार



गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, इतिहास आणि विज्ञान या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले. मी त्यामानाने अगदी व्यवहारातला विषय निवडला आहे. बेळगाव आणि निपाणीच्या कामगारांची प्रकरणे चालविणारा मी एक वकील. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या अशिलांमध्ये गिरणी वा कारखान्याच्या कामगारांपेक्षा दुकानांतील, विशेषतः सुपरमार्केटमधील, मुलामुलींची संख्या वाढत गेली. बहुतेक दहावी, बारावी झालेली, कोणी पदवीधर. गळ्यात ओळखपत्र, अंगावर एकसारखा सदरा, वर थंडगार हवा. बाहेरून पाहणाऱ्याला ही नोकरी सुखाची वाटते. तिचा आतला हिशेब काय आहे, तो आज आपल्यापुढे मांडावा, एवढाच माझा हेतू आहे.

वखारींचा धडा

या भागाला श्रमाचा प्रश्न नवा नाही. निपाणीचे नाव देशभर पोहोचले ते तंबाखूमुळे. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग रोखून धरला आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात बारा शेतकरी मृत्युमुखी पडले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. परंतु याच गावात त्याच सुमारास दुसरी एक चळवळ उभी राहिली होती. तंबाखूच्या वखारींत दिवसभर धुळीत बसून तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या स्त्रिया सुभाष जोशी आदी कार्यकर्त्यांच्या साथीने संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या गटाने १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला.

या स्त्रियांच्या आणि घरोघरी विड्या वळणाऱ्यांच्या अनुभवातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. विडी कामगारांसाठी संसदेने १९६६ मध्येच स्वतंत्र कायदा केला होता. त्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, घरी बसून काम करणाऱ्यांचाही विचार होता. तरीही कायदा झाला त्या दिवशी कोणाच्याही पदरात काही पडले नाही. ‘ही बाई आमची कामगार आहे’ हे मालकाच्या वहीत लिहिले जाईपर्यंत कायदा तिच्या दारापर्यंत येत नाही. आणि ते लिहून घेण्याचे बळ एकटीच्या अंगी नसते, ते संघटनेतून येते. आजच्या विषयाची किल्ली माझ्या मते हीच आहे.

तासांचा इतिहास

आठवड्याची सुटी आज आपण गृहीत धरतो. ती कोणी सहज दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारच्या सुटीला मान्यता दिली. कारखान्यांसाठी आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा आली ती १९४६ च्या दुरुस्तीने. त्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते.

दुकानदारी मात्र दीर्घकाळ या विचाराच्या बाहेर राहिली. दुकान म्हणजे घरचाच व्यवसाय, नोकर म्हणजे घरचाच माणूस, ही त्यामागची समजूत. त्या ‘घरच्या माणसा’ने पहाटे झाडू मारावा आणि रात्री फळ्या लावाव्या, यात कोणाला वावगे वाटत नसे. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये दुकाने व आस्थापना कायदा करून ही समजूत प्रथम मोडली. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतातच होते. १९४८ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे १९६१ साली त्या राज्याने दुकाने व वाणिज्य आस्थापनांचा स्वतःचा कायदा केला. खडेबाजारातील दुकानात काम करणाऱ्याला आज लागू होतो तो हा कायदा.

कायद्यातला दिवस आणि घड्याळातला दिवस

१९६१ च्या या कायद्याने मूळ व्यवस्था अशी घातली : दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काम नाही, जादा काम धरूनही दिवसाला दहा तासांची मर्यादा, अपवाद फक्त मालमोजणी आणि हिशेबाच्या दिवसांचा, सलग पाच तासांनंतर किमान एक तास विश्रांती, विश्रांतीसह सारा दिवस बारा तासांच्या आत, आठवड्यातून एक पूर्ण सुटी, आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला. २०२५ मध्ये या मर्यादा वाढविण्याचा प्रस्ताव कर्नाटक सरकारने पुढे आणला, तेव्हा कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. मर्यादा कोणती असावी यावर वाद होऊ शकतो. पण मर्यादा मोजायची कशी, हा प्रश्न त्याहून मूलभूत आहे.

सुपरमार्केटचे दार दहाला उघडते आणि रात्री दहाला बंद होते असे समजा. दार उघडण्याआधी माल मांडायचा असतो, किमतीच्या चिठ्ठ्या बदलायच्या असतात, फरशी पुसायची असते. दार बंद झाल्यावर गल्ल्याचा हिशेब जुळवायचा असतो, रिकाम्या मांडण्या भरायच्या असतात, आणि बाहेर पडताना झडती द्यायची असते. गिऱ्हाईक नसलेली ही वेळ अनेक ठिकाणी हजेरीत धरली जात नाही. सणासुदीला साप्ताहिक सुटी ‘पुढे ढकलली’ जाते आणि पुढे ढकललेली सुटी सहसा परत येत नाही.

आता साधे त्रैराशिक मांडू. दरमहा १२,००० रुपये पगार, महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास. म्हणजे महिन्याचे २०८ तास आणि तासाला सुमारे ५७ रुपये ७० पैसे. प्रत्यक्षात विश्रांती वगळून रोज ११ तास काम घेतले, तर २८६ तास होतात आणि तासाचा दर ४२ रुपयांवर येतो. पगाराचा आकडा तोच राहतो, पण श्रमाची किंमत चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरते. याच जादा ७८ तासांचा मोबदला दुप्पट दराने काढला, तर तो बरोबर ९,००० रुपये होतो. मुळात रोजचे ११ तास हेच मूळ मर्यादेच्या बाहेरचे आहेत. पण ते घेतले गेलेच, तर पगाराच्या पाऊणपट रक्कम दर महिन्याला न बोलता मालकाच्या बाजूला राहते. हातात येणाऱ्या आकड्याला नव्हे, तर त्या आकड्याला भागणाऱ्या तासांना पगार म्हणावे, हे आपल्या मुलांना कोणी शिकवत नाही.

पगार कोण देतो?

वखारीत मालक समोर दिसत असे. सुपरमार्केटमध्ये एकाच रांगेत उभ्या असलेल्या तिघांचे मालक तीन असू शकतात. एक दुकानाचा स्वतःचा नोकर, दुसरा कंत्राटदाराने पुरविलेला, तिसरी एखाद्या साबणाच्या वा चहाच्या कंपनीने आपला माल खपविण्यासाठी उभी केलेली. तक्रार कोणाकडे करायची, हेच कळत नाही. त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विमा यांचे प्रश्न उपजतात. २०१९ च्या जुलैपासून राज्य विम्यासाठी कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी ठरली. पगारातून पैसे कापले जातात. ते योग्य खात्यात भरले गेले की नाही, हे कामगाराला आजारपणातच समजते.

आमच्या भागातील एका दुकानात गल्ल्यात कमी पडलेली रक्कम त्या पाळीतील सर्व मुलींच्या पगारातून सारखी वाटून कापली गेली. त्यांपैकी एक मुलगी माझ्याकडे आली. तिला वाटत होते, नोकरीचा हा नियमच असावा. वास्तविक नुकसान त्या व्यक्तीच्याच हलगर्जीपणामुळे झाले असेल, आणि तिला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली गेली असेल, तरच अशी कपात करता येते. हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून चालत आले आहे.

सीमाभागाची एक खास अडचण येथे सांगितली पाहिजे. कागल, गडहिंग्लज, चंदगड येथील मुले निपाणीला वा बेळगावला कामाला येतात. इकडची मुले कोल्हापूरला जातात. किमान वेतनाचे दर दोन्ही राज्ये वेगवेगळे ठरवितात, परिमंडळेही निराळी. कर्नाटकात महागाई भत्ता वर्षातून एकदा, तर महाराष्ट्रात सहा महिन्यांनी बदलण्याची पद्धत राहिली आहे. मजुराला लागू होतो तो काम जेथे चालते तेथील दर. घर कोठे आहे किंवा मातृभाषा कोणती आहे, याने त्यात फरक पडत नाही. पण नेमणुकीचा कागद इंग्रजीत, सरकारी फलक कन्नडमध्ये आणि साहेबाचे बोलणे मराठीत किंवा हिंदीत, अशा स्थितीत आपला दर नेमका कोणता, हे त्या मुलाने कोठे वाचावे? सीमाप्रश्न आपण भाषेचा आणि अस्मितेचा म्हणून ओळखतो. तो पगारपत्रकाचाही आहे.

उभे राहण्याचा प्रश्न

वखारीतील स्त्रीला धुळीने खोकला लागे. सुपरमार्केटमधील मुलीचे पाय सुजतात. दिवसभर उभे राहणे हा अनेक ठिकाणी शिस्तीचा भाग समजला जातो. इंग्लंडने १८९९ मध्येच दुकानातील स्त्रियांसाठी, दर तिघींमागे एक, आसने ठेवण्याचा कायदा केला. आपल्याकडे केरळमध्ये कोझिकोडच्या बाजारातील स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले आणि २०१८ मध्ये तेथील दुकान कायद्यात दुरुस्ती झाली. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. एका स्टुलासाठी आंदोलन करावे लागावे, याची गंमत वाटू देऊ नका. बारा तास उभे राहून पाहावे, मग कळेल.

कर्नाटकाने जानेवारी २०२१ मध्ये दहा वा अधिक नोकर असलेल्या दुकानांना तीन वर्षांसाठी चोवीस तास उघडे राहण्याची मुभा दिली. स्त्रियांना रात्री आठनंतर सामान्यतः कामावर ठेवू नये, ठेवायचे तर त्यांची लेखी संमती घ्यावी, अशी अट त्यात होती. संमतीचा कागद पुढे आला की नोकरी टिकवायची असलेली मुलगी सही करणारच. त्यामुळे खरा प्रश्न सहीचा नसून शेवटच्या एस.टी.चा आणि तिला घरापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, याचा आहे.

दुकानदाराची बाजू

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गल्लीतला किराणा दुकानदार स्वतः चौदा तास गादीवर बसतो. मोठ्या दुकानांच्या स्पर्धेत त्याची कमाई आटली आहे. त्याच्याकडे असलेल्या एका नोकराचे तास आणि शेकडो नोकर असलेल्या साखळी दुकानाचे तास एकाच तराजूत तोलणे अवघड आहे. परंतु मोठ्या दुकानाला स्वस्त माल विकता येतो याचे एक कारण जर न मोजलेले तास असेल, तर कायद्याची अंमलबजावणी ही छोट्या दुकानदाराच्याही हिताची ठरते, हे आपल्या व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावे.

पुढे काय?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांत १९६६ चा विडी कामगार कायदाही विलीन झाला. त्या संहितांविषयी संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तरी दोन तरतुदी आपल्या कामाच्या आहेत : कामगाराला नेमणुकीचे लेखी पत्र, आणि नोकरी सुटल्यावर कामाच्या दोन दिवसांत देणी चुकती करणे. वखारींचा धडा येथे पुन्हा लागू पडतो. तरतूद छापली म्हणजे मिळाली, असे होत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझ्या तीन सूचना आहेत. नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने आपल्या येण्याजाण्याच्या वेळा रोज एका वहीत लिहून ठेवाव्यात. तक्रारीच्या वेळी अशी वही मोलाची ठरते. शाळेने नववी-दहावीच्या वर्गांत वर्षातून एक तास पगारपत्रक वाचायला शिकवावे, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत. आणि माजी विद्यार्थी संघात जे वकील, हिशेबनीस वा बँकेतील निवृत्त मंडळी आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार या मुलांसाठी शाळेत बसावे. पहिल्या रविवारी येण्याची तयारी मी आजच कळवून ठेवतो.