दुआ करा, आणि केसपेपरही काढा

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. पालकसभा संपते, वर्ग रिकामा होतो, आणि एखादी आई दारातच घुटमळत राहते. तिला मार्कांबद्दल बोलायचं नसतं, हे आता वीस वर्षांच्या नोकरीनंतर मला लगेच कळतं.

गेल्या वर्षी अशीच एक आई थांबली. (तिच्या परवानगीने, ओळख कळणार नाही अशा बेताने लिहिते आहे.) तिचा मुलगा नववीत, माझ्याच वर्गात. पहिल्या बाकावर बसणारा, सुंदर अक्षराचा. सहामाहीनंतर तो मागच्या बाकावर गेला, मग वर्गात झोपू लागला. आईने पर्समधून गोळ्यांचं एक रिकामं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. दप्तरात सापडलं होतं. झोपेच्या गोळ्या. कुठे तिला ‘बटन’ म्हणतात, कुठे ‘कुत्ता गोली’.

“मॅडम, याच्या अब्बांना कळलं तर याची खैर नाही. आणि बाहेर कळलं तर... घरात दोन मुली लग्नाच्या आहेत.”

हे शेवटचं वाक्य मी आधीही ऐकलं होतं. माझ्याच घरात. तेव्हा लग्नाची मुलगी मी होते.

माझ्या लग्नापायी

माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा असताना त्याची झोप गेली. मग तो म्हणू लागला, गल्लीतले लोक माझ्याबद्दल कुजबुजतात. आंघोळ सुटली, जेवण सुटलं. एकटाच हसायचा. अम्मी म्हणाली, नजर लागली. एका आमिलने ताविज दिलं, दुसऱ्याने पाणी फुंकून दिलं, तिसऱ्याने अम्मीच्या कानातले झुमके जातील एवढे पैसे घेतले. दर जुमेरातीला अब्बा त्याला घेऊन दर्ग्यावर जात.

त्याच काळात माझं बीएड झालं आणि रिश्ते येऊ लागले. पाहुणे यायचे असले की भावाला मामूंच्या गावी धाडलं जाई. विचारलं तर “शिकायला बाहेर असतो” असं सांगायचं ठरलं होतं. मीही तेच सांगितलं. मी शिकलेली होते, मुलांना खरं बोलायला शिकवणार होते, पण त्या तीन वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही की याला डॉक्टरकडे नेऊ या.

माझा निकाह झाला. सहा महिन्यांनी एका रात्री भाऊ घरातून निघून गेला. दोन दिवसांनी एका रेल्वे स्टेशनवर सापडला, पायात चप्पल नव्हती. त्यानंतर अब्बांनी त्याला जिल्हा रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती दिवसांपासून आहे हे?” अब्बा म्हणाले, “तीन साल.” डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की हा आजार जितका लवकर दाखवावा तितका चांगला आटोक्यात येतो.

आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. आज भाऊ गोळ्या घेतो, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो, जुम्याला पहिल्या सफमध्ये असतो. त्याचं लग्न झालं नाही. माझं झालं.

आपल्या जिल्ह्यात काय आहे?

या आजारांचे उपचार फक्त पुण्या-मुंबईत, मोठे पैसे मोजून मिळतात, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात १९८२ साली देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ पासून त्याच्याच अंतर्गत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कल्पना साधी होती. माणसाने मनोरुग्णालयापर्यंत जाण्याऐवजी उपचार त्याच्या जिल्ह्यापर्यंत यावेत. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका असं हे पथक. हेच पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयांतही जातं. आपल्याकडे कोणता दिवस ठरला आहे, ते ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या भागातल्या आशाताईंना विचारावं.

इथे ‘वेडे’ लोकच जातात असं नाही. झोप न येणं, सतत छातीत धडधडणं, बाळंतपणानंतर येणारी उदासी, फिट्स, दारू, गोळ्या, गुटखा, मुलांचा मोबाइल, आजोबांचा विसरभोळेपणा, या सगळ्यासाठी हीच ओपीडी. आजार जास्त असेल, दाखल करावं लागलं, तर ठाणे, पुण्याचं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत.

पैशाचं म्हणाल तर ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. घराबाहेर पडणं शक्य नसेल तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक चोवीस तास चालतो. मराठीत बोलता येतं. नशेसाठी १४४४६ ही वेगळी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. दोन्ही क्रमांक फ्रीजवर चिकटवून ठेवा. आज आपल्याला नाही, उद्या शेजारणीला लागतील.

सगळं सुरळीत चालतं असं मी म्हणणार नाही. रांग मोठी असते, डॉक्टर एक आणि माणसं शंभर असतात, कधी एखादी गोळी संपलेली असते. तरीही आमिलकडे दिलेल्या झुमक्यांपेक्षा ही रांग स्वस्त पडते, हे मी अनुभवाने सांगते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा दर दहा प्रौढांत साधारण एकाला मानसिक आजार आढळला आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्या बहुतेकांमध्ये आपल्या मोहल्ल्यांतली घरंही धरा.

“आमच्यात दारू हराम आहे”

नशेचा विषय निघाला की आपण हे वाक्य म्हणतो आणि विषय संपवतो. वाक्य खरंच आहे. पण ते खरं असल्यामुळेच आपल्या घरांतली नशा जास्त लपते. जिला वास येत नाही अशी नशा आपली मुलं शोधतात. झोपेची गोळी, खोकल्याचं औषध, व्हाइटनर. गोळीला वास नाही, म्हणून घरात कळायला वर्ष जातं.

नशा करणं गुनाह आहे आणि नशेच्या आहारी जाणं हा आजारही आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. गुनाहासाठी तौबा आहे, आजारासाठी औषध आहे. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

इथे एक गोष्ट घराघरांत कळायला हवी. “खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसांत सुटेल” हा सल्ला धोकादायक आहे. बरेच दिवस भरपूर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याचं व्यसन एकदम तोडलं तर हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. गोळी हळूहळू कशी कमी करायची हे डॉक्टरच ठरवतात.

दुसरी भीती पोलिसांची. अमली पदार्थविरोधी कायद्यातच कलम ६४ अ आहे. नशेच्या आहारी गेलेला, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला माणूस जर स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत.

तिसरी गोष्ट केंद्र निवडण्याची. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्रातून पाठीवर वळ घेऊन परत आला. घरच्यांनी कर्ज काढून फी भरली होती. दाखल करण्यापूर्वी विचारा, शासनाची नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का. यातल्या एकाचंही उत्तर गोलमोल आलं तर तिथून परत फिरा. चांगली केंद्रंही आहेत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण आजही चालू आहे, आणि तिथल्या उपचारांत घरच्या माणसांनाही सोबत घेतलं जातं.

दवा आणि दुआ

६ ऑगस्ट २००१ ची पहाट. तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवण्यासाठी खाजगी आसरे होते. त्यातल्या एका आसऱ्याला आग लागली. माणसांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. २८ जीव गेले. दूरदूरच्या घरच्यांनी ‘बरा होईल’ म्हणून त्यांना तिथे सोडलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी केली आहे. याच कायद्याने सरकारी उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला, आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला, आणि दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोविकारांचाही मानसिक आजारांत समावेश केला.

एरवाडीची बातमी वाचली तेव्हा मला आमच्या जुमेराती आठवल्या. दर्ग्यावर जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. हतबल माणूस तिथेच जाणार. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार दर्गा आहे. तिथे आता मुजावर आणि डॉक्टर मिळून काम करतात. मुजावर दुआ करतात आणि आजारी माणसाला आवारातल्याच दवाखान्यात पाठवतात. या उपक्रमाचं नावच ‘दवा-दुआ’. आमच्या दर्ग्यावर तेव्हा असं कुणी सांगणारं असतं तर तीन वर्षं वाचली असती.

हे काही परक्यांकडून शिकायचं नाही. दहाव्या शतकात वारलेल्या अबू ज़ैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. भीती, उदासी, संताप, मनातून न जाणारे वाईट विचार यांवर त्यात स्वतंत्र प्रकरणं आहेत. कैरोच्या १२८४ सालच्या कलावून रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. आपल्या पूर्वजांनी यासाठी दवाखाने बांधले, आणि आपण माणूस मागच्या खोलीत लपवतो.

रमजानमधल्या गोळ्या

बरा झालेला माणूस सर्वांत जास्त कधी घसरतो, तर औषध बंद केल्यावर. आपल्याकडे ते रमजानमध्ये होतं. भाऊ चार वर्षं ठीक होता. पाचव्या रमजानला त्याने कुणाला न विचारता दुपारची गोळी सोडली, मग रात्रीचीही सोडली. “अल्लाहच्या मेहरबानीने बराच आहे मी,” म्हणायचा. शेवटच्या अशऱ्यात आवाज परत आले. ईद आम्ही रुग्णालयाच्या व्हरांड्यात केली, शीरखुर्मा डब्यातून नेला.

म्हणून शाबानमध्येच डॉक्टरांना भेटा. पुष्कळ गोळ्यांची वेळ सहरी आणि इफ्तारवर आणता येते. काही औषधांत ते चालत नाही. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं औषध धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं. अशा वेळी आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, ती आपल्या दीननेच दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?

ती आई

मी त्या आईला माझ्या भावाची गोष्ट सांगितली. शाळेत पहिल्यांदाच कुणाला सांगितली. पुढच्या मंगळवारी रजा टाकून तिच्याबरोबर जिल्हा रुग्णालयात गेले. केसपेपरच्या खिडकीवर ती बुरखा ओढून, मान खाली घालून उभी होती. तेवढ्यात मागून कुणीतरी सलाम केला. त्यांच्याच गल्लीतल्या एक बाई, सुनेला घेऊन आल्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, क्षणभर कुणीच बोललं नाही. मग त्या बाईंनीच बाकावर सरकून जागा करून दिली.

मुलाच्या गोळ्या डॉक्टरांनी दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी केल्या. तिसऱ्या खेपेला अब्बाही आले. समुपदेशक ताईंसमोर रडले, असं आई म्हणाली. मध्ये एकदा मुलगा घसरला, पुन्हा नेला. यंदा दहावीला आहे. बाक अजून मागचाच आहे, पण जागा असतो. परवा निबंधाची वही दिली, अक्षर हळूहळू जागेवर येतं आहे.

बहिणींनो, आपल्या मुलींचे रिश्ते असे लपवून पक्के होत नाहीत, फक्त कुणाचा तरी उपचार लांबतो. माझ्या भावाने मला कधीच काही म्हटलं नाही. मी माहेरी गेले की माझ्या मुलाची सायकल घेऊन बसतो, चाकाचे आरे एकेक करून ताठ करतो आणि पैसे विचारले की हसतो. त्याची ती तीन वर्षं मला परत देता येत नाहीत. तुमच्या घरात अजून वेळ असेल, तर या आठवड्यात केसपेपर काढा. दुआ मी करतेच आहे.