लांबच्या वाटेआधी जुनी बुलेट

कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटवर लांब जायचं असेल, तर आधी टॅपेट बघा. इंजिन पूर्ण गार हवं. रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा, उजवीकडचं छोटं झाकण काढा आणि पुशरॉड बोटांनी फिरवून पाहा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. फिलर गेज इथे लागत नाही. तो लागतो कॉन्टॅक्ट पॉइंटला: फट ०.३५ ते ०.४० मिमी.

सुधारणांमध्ये पैशाचं खरं चीज हेडलाइटच्या रिलेनं होतं. जुन्या वायरिंगमध्ये दिव्याचा सगळा करंट स्विचमधून जातो, वाटेत व्होल्टेज घटतं आणि उजेड पिवळट पडतो. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर थेट रिलेला द्या. तोच बल्ब लख्ख पेटतो. जास्त वॅटचा बल्ब मात्र नको, या गाडीचं चार्जिंग त्याला पुरत नाही.

आणि निघण्यापूर्वी नवी क्लच केबल जुनीच्या शेजारून ओढून, टोकांना टेप गुंडाळून ठेवा. घाटात जुनी तुटली, तर फक्त टोकं जोडायची. टाकी उतरवावी लागत नाही.