पांढऱ्या वाइनचा वास आणि आपली द्राक्षबाग



गूळ करणारा काहिलीतला पाक बोटावर घेऊन चाखतो. पण वाइनची द्राक्षे पिकवणाऱ्या पुष्कळ बागायतदारांनी आपल्या मालाची वाइन कधी हुंगूनही पाहिलेली नसते. "आमच्या घरात चालत नाही," असे ते सांगतात. ठीक आहे, प्यायलाच हवी असे नाही. मुरलेले परीक्षकसुद्धा घोट तोंडात खेळवून थुंकून देतात. परंतु ज्या गुणावर आपला भाव ठरतो, तो गुण ओळखता तरी यायला हवा.

नाशिककडे पांढऱ्या वाइनसाठी सॉव्हिनॉन ब्लँक ही जात बरीच आहे. मूळची फ्रान्सची. तिची किंमत आहे ती वासाला.

बाटली 8 ते 12 अंश सेल्सिअसपर्यंत गार करावी. फार थंड केली तर वास वर येतच नाही. पेला एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदापुढे धरून पाहा. रंग फिकट पिवळा, किंचित हिरवट असावा. तपकिरी झाक असेल तर हवा लागली समजा. आता पेला न हलवता हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा हुंगा. कापलेले गवत, ढोबळी मिरची, लिंबू, पिकला पेरू असे वास येतील. मिरचीचा थोडा असला तर चालतो, पण नुसता तोच आला तर माल कच्चा तोडला. त्यानंतर लहानसा घोट. मी पहिल्यांदा चाखली तेव्हा मला वाटले, आंबून गेली की काय! कारण गोडी नव्हतीच. द्राक्षातली साखर यीस्ट खाऊन टाकते व तिचे अल्कोहोल होते. उरतो तो आंबटपणा, आणि त्यानेच ही वाइन ताजी लागते.

आता बागेकडे चला. मिरचीचा वास कच्च्या मण्यातच असतो. माल पिकत जातो आणि घडाला ऊन लागते तसा तो कमी होतो. पेरूच्या वासाचे मात्र वेगळे आहे. मण्यात तो बांधलेला असतो, आंबवताना यीस्ट त्याला मोकळा करते. म्हणून मणी चावून तो कळणार नाही. आंबटपणा तर उन्हाने उतरतच जातो.

येथे माझी एक चूक सांगतो. एका बागायतदाराला मी म्हणालो, "साखर अजून वाढू द्या, आठ दिवस थांबा." ते थांबले. साखर वाढली, पण ऊन कडक होते, आंबटपणा गेला, वजनही घटले. कंपनीने भाव कापला. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, ते जास्त लागले.

तेव्हा एकट्या रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबू नका. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरचे, मधले, खालचे असे शंभरेक मणी घ्या. साखर मोजा, रसाचा सामू आणि आम्लता तपासून घ्या, शिवाय स्वतः चावून पाहा. साल तुरट-हिरवट लागते का? बी तपकिरी झाले का? तोडणी जवळ आली की हे दर दोन-तीन दिवसांनी करावे.

फवारणीचे विशेष ध्यानात ठेवा. भुरीसाठी मारलेले गंधक तोडणीपर्यंत मण्यावर राहिले, तर आंबवताना सडक्या अंड्यासारखी घाण येते. केवड्यासाठी उशिरा मारलेले बोर्डो मिश्रणही नडते. त्यातले तांबे पेरूचा वास मारते. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस हवेत, ते कंपनीच्या माणसाकडून लिहून घ्या.

तोडणी पहाटे करा. क्रेट उथळ भरा, सावलीत ठेवा आणि गाडी ऊन चढायच्या आत कारखान्यावर पोचेल असे बघा. पुढे वाइन तयार झाली, की आपल्याच प्लॉटच्या मालाची पेलाभर मागून घ्या. हुंगा, आणि काय वास आला ते तोडणीच्या तारखेपुढे वहीत लिहा.