सातभाई, नणंद आणि उपकाराची जाण

देऊळगाव राजाच्या शिवारात, बांधावरच्या बाभळीखाली सात-आठ मातकट पक्षी कलकलाट करीत पालापाचोळा उलटापालटा करताना दिसतात. हेच सातभाई. ते इतके ओळखीचे आहेत, की विद्यार्थी त्यांच्याकडे मान वळवूनही पाहत नाहीत. थव्यात नेमके सातच पक्षी असतात असे नाही, पण ‘भाई’ हा शब्द मात्र बराचसा खरा आहे. ए. जे. गॅस्टन यांनी १९७० च्या दशकात दिल्ली परिसरात या पक्ष्यांचा अभ्यास केला. थवा म्हणजे बहुतांशी एक कुटुंबच असते. घरटे एका जोडीचे असले, तरी पिलांना भरवायला थव्यातले इतर पक्षीही येतात. बाकीचे खाली चरत असताना एखादा उंच फांदीवर बसून पहारा करतो आणि शिक्रा दिसताच ओरडतो. चातक आणि पावशा आपली अंडी यांच्याच घरट्यात टाकतात. म्हणजे ज्याच्या ‘पेर्ते व्हा’कडे शेतकऱ्याचे कान लागलेले असतात, तो पावशाही सातभाईंच्याच कष्टांवर वाढलेला असतो!

स्वतःची वीण सोडून दुसऱ्याच्या पिलांसाठी कोणी का राबावे? नैसर्गिक निवडीत असा पक्षी मागे पडायला हवा. याचे उत्तर विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये गणिताने मांडले. आपली जनुके आपल्या संततीत असतात, तशी ती भावंडांतही असतात. संततीशी आणि सख्ख्या भावंडाशी नात्याचे प्रमाण सरासरी १/२, सख्ख्या पुतण्याशी १/४, चुलत भावंडाशी १/८. मदतीमुळे होणाऱ्या लाभाला या प्रमाणाने गुणावे. गुणाकार मदत करणाऱ्याच्या तोट्यापेक्षा मोठा आला, तर मदतीची प्रवृत्ती टिकते. समजा, मदतनिसाने स्वतःचे एक पिलू गमावले (१/२), पण त्याच्या मदतीमुळे दोन सख्खी भावंडे जास्त जगली (२ × १/२ = १), तर जनुकांच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचाच. यालाच आप्तनिवड म्हणतात.

यात काळ कठीण असण्यालाही महत्त्व आहे. आफ्रिकेतील मैनांच्या कुळातल्या ४५ जातींची तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. पाऊस बेभरवशाचा असलेल्या माळरानांवरच्या जातींत एकत्र मिळून पिले वाढवण्याची रीत अधिक आढळली. एका जोडीला न पेलणारे वर्ष थवा निभावून नेतो. अवर्षण पाहिलेल्या शेतकरी घराला हे वेगळे सांगायला नको.

पण इथेच वर्गात एक घोटाळा होतो. ‘म्हणजे आई, मावशी, काका हे सगळे हिशेब करूनच माया करतात?’ असे मुले विचारतात. याचे उत्तर जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५५ च्या एका लेखातच देऊन ठेवले आहे. (हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) पुरात बुडणाऱ्या मुलाला वाचवण्याचे जनुकीय गणित त्यांनी त्यात मांडले आणि लगेच म्हटले, की आपण स्वतः दोनदा माणसांना पाण्यातून ओढून काढले, पण असे गणित करायला तेव्हा सवड नव्हती. गणित उत्क्रांतीचे, माया माणसाची. मायेचे मूळ कळल्याने ती खोटी ठरत नाही.

शिवाय रक्ताचे गणित माणसाला पुरतही नाही. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. जातीमुळे त्यांना पंढरीच्या देवळात प्रवेश नव्हता. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले. या साऱ्या हालअपेष्टांत त्यांच्याभोवती पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका होते. या पाचही जणांच्या नावावर अभंग आहेत. यांतले बंका परंपरेनुसार निर्मळेचे पती आणि सोयराबाईंचे भाऊ. चोखोबांशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. सोयराबाईंच्या बाळंतपणाला घरात कोणी नसताना विठ्ठल निर्मळेच्या रूपाने आला, अशी कथा आहे. लोकमानसाने देवाला रूप दिले ते नणंदेचे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अडचणीला धावून येणारे म्हणून तेच माणूस डोळ्यांसमोर आले असावे.

मग रक्तापलीकडची मदत टिकते कशी? रॉबर्ट ट्रायव्हर्स यांनी १९७१ मध्ये परतफेडीवर टिकणाऱ्या परोपकाराची मांडणी केली आणि तीत कृतज्ञतेला चक्क काम नेमून दिले. मिळालेल्या मदतीचे मोल ओळखणारी ही भावना आहे, आणि देणाऱ्याला जेवढी झळ बसलेली असते, तेवढी ती तीव्र होते, असे त्यांचे म्हणणे. भरल्या कणगीतून मिळालेली पायलीभर ज्वारी आपण विसरतो. दुष्काळात बहिणीने स्वतःच्या डब्यातून काढून दिलेली ज्वारी जन्मभर आठवते. ज्वारी तेवढीच, पण झळ वेगळी. आफ्रिकेतल्याच एका मैनेच्या २० वर्षांच्या नोंदींवरून २०२५ मध्ये दिसून आले, की हे पक्षी नात्यातल्यांना अधिक मदत करतात, पण नात्याबाहेरच्यांनाही करतात. आणि काही जोड्यांत आजचा मदतनीस पुढे कधीतरी मदत घेणारा होतो. त्या पक्ष्यांना कृतज्ञता वाटते का, हे मात्र या नोंदींवरून म्हणता येत नाही.

शाळेच्या आवारात सातभाई येत असतील, तर आठवीच्या पुढच्या मुलांना महिनाभर रोज १५ मिनिटे नोंदी ठेवायला सांगाव्यात. थव्यात किती पक्षी, पहाऱ्यावर किती वेळ, पहारेकरी कधी बदलला. घरटे सापडले, तर लांबूनच पाहावे आणि तिथे एका वेळी जास्तीत जास्त किती मोठे पक्षी चारा घेऊन आलेले दिसले, ते लिहावे. पक्षी सारखे दिसतात म्हणून मोजणी चुकते. दोघांनी वेगवेगळे मोजून आकडे ताडून पाहावेत.